संत्र्याच्या मालासाठी गाडी घेताना : किती टनाची, कोणत्या कागदाची?

रामाकोना : आंबिया बहाराचा माल निघू लागला की सौसर-पांढुर्णा पट्ट्यात गाडी घेण्याची चर्चा सुरू होते. बहुतेक जण आधी हप्ता विचारतात, मग मायलेज. खरा प्रश्न वजनाचा आहे आणि तो शेवटी येतो.

आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे एकूण वजन. दोघांतला फरक म्हणजे क्षमता. पण ती सगळी मालाची नव्हे. समजा भरलेले वजन 3,490 किलो आणि रिकामे 1,790. फरक 1,700. त्यात ड्रायव्हर आणि दोन माणसे धरून 200 किलो, मागून बसवलेली लोखंडी जाळी 100 किलो. मालासाठी उरले 1,400. भरलेला कॅरेट 22 किलोचा धरला (रिकामा कॅरेटच दीड-दोन किलोचा असतो) तर 63 कॅरेट झाले. तिथे 80 कॅरेट दाबून भरले की 360 किलो जास्त. गाडी चालते, म्हणून कोणाला वाटत नाही. जाळी बसवल्यावर रिकामी गाडी एकदा धरमकाट्यावर नेऊन पावती जवळ ठेवावी. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा ती पावती भरवशाची.

जास्त माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. एका खेपेत 17 कॅरेट जास्त नेऊन वाचते ते भाडे आणि हा दंड, याचा हिशेब ज्याने-त्याने करावा.

नागपूरकडे, म्हणजे कळमन्याला जाणाऱ्यांना रस्ता त्यामानाने सोपा. छिंदवाड्याकडे माल नेणाऱ्यांना मात्र सिल्लेवानीचा घाट आहे आणि इथे चढण्यापेक्षा उतरणे अवघड. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सुटते. वजन जास्त असेल तर लवकरच. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. घाटातले काम रोजचे असेल तर क्षमतेच्या काठावरची गाडी घेऊच नये, एक पायरी वरची घ्यावी.

पण मोठी म्हणजे चांगली, असेही नाही. दहा टनाच्या गाडीत तीन टन माल टाकला तर कडक पाटे दबत नाहीत, गाडी उसळते आणि फळाला मार बसतो. शिवाय काळ्या मातीच्या पांधणीत पाऊस झाला की मोठी गाडी बगीच्यापर्यंत पोचतच नाही. छोटा हत्ती किंवा पिकअपने माल रस्त्यावर आणायचा आणि तिथून 407 किंवा आयशरमध्ये भरायचा, हे अनेकांना परवडते. चढ-उतारात फळ दोनदा हाताळले जाते, तो तोटा मात्र धरावा लागतो. स्वतःचा दोन-चार एकर बगीचा असलेल्याने मोठी गाडी घेण्यापेक्षा हंगामात भाड्याने बोलावलेली बरी.

कागदांचे थोडक्यात : एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिटची गरज नाही. त्यावर आहे, आणि इथला माल सीमा ओलांडून महाराष्ट्रात जातो, तेव्हा परमिट तिकडे चालणारे हवे. वरच्या हिशेबातली 3,490 किलोची पिकअप यातच मोडते, हे गाडी घेतल्यावर कळून उपयोग नाही. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालगाडी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले. विमा कंपनीशी वाद झाला तर हा निकाल कामी येतो. त्यावरच्या गाडीला अवजड वाहनाचे लायसन्स असलेलाच ड्रायव्हर लागेल, त्याचा पगारही हिशेबात धरावा.

सहा चाकी ट्रकची मर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टन झाली, दहा चाकीची 25 वरून 28.5. जुना ट्रक विकणारे हे आकडे हमखास सांगतात. घेणाऱ्याने त्या गाडीच्या आरसीवरचाच आकडा पाहावा.