बाटलीबंद अन्नाची कथा

फडताळांत वर्षभर ठेवलेली मुरांब्याची बरणी आपण निःशंकपणें उघडतों. तेथें साखर राखणदार असते. परंतु साखर, मीठ वा तेल यांच्या आश्रयावांचून अन्न बाटलींत बंद करून टिकविण्याची विद्या फार जुनी नाहीं. पॅरिसच्या निकोला आपेर या मिठाईवाल्यानें ती सिद्ध केली. काचेच्या बाटलींत अन्न भरावें, बूच घट्ट बसवावें आणि बाटली उकळत्या पाण्यांत ठेवावी, एवढीच त्याची युक्ति. ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध करण्याच्या अटीवर १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षीं इंग्लंडांत पत्र्याच्या डब्याचें पेटंट निघालें.

युक्ति साधली, पण तिचें कारण उमगलें नव्हतें. १८५२ सालीं ब्रिटिश आरमारानें तपासलेल्या मांसाच्या डब्यांपैकीं बहुसंख्य डबे कुजलेले निघाले. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतु असतात, हें १८६० नंतर पाश्चरच्या संशोधनानें स्पष्ट झालें. पुढें १८९५ सालीं बेल्जममध्यें खारविलेलें डुकराचें मांस खाऊन तिघे वादक दगावले. व्हान एर्मेंगेम यांनीं त्यांतून जो जंतु शोधला, तो हवेवांचूनच वाढणारा होता! त्याचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि तगतात. म्हणजे बंद बाटली हेंच त्याचें घर.

आंबटपणा मात्र त्याला मानवत नाहीं. म्हणून आंबट फळांच्या बाटल्यांना उकळतें पाणी पुरतें. भाज्या, डाळी, मासे यांना दाबाखालील वाफेची, सुमारें १२१ अंश सेल्सिअसची, उष्णता लागते. हें विष डोळ्यांना वा नाकाला कळेलच असें नाहीं. आपेरची बाटली घरांत ठेवणाऱ्यानें नंतरच्या शतकाचें हें ज्ञानहि तिच्याशेजारीं ठेवलें पाहिजे.