चहाचं खोकं आणि बेकारीचं कार्ड

आसाम आणि सिलोनचा चहा इंग्लंडला जायचा तो प्लायवूडच्या खोक्यांतून. कडांना पत्र्याची पट्टी, आत चमकता कागद. चहा संपला की खोकी वाण्याकडं पडून राहत. घर बदलताना सामान भरायला लोक ती मागून नेत. 1956 च्या सुमाराला ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांनी त्यांचा वेगळाच उपयोग शोधून काढला. खोकं उपडं घालायचं, पाठीला भोक पाडून त्यातून जाड दोरी ओवायची, दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधायचं आणि दांडा खोक्याच्या कडेवर उभा धरायचा. दांडा मागं ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. झाला बास. आईचा कपडे घासायचा वॉशबोर्ड आणि बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं, झाला ताल. त्यात कुणाची तरी स्वस्तातली गिटार आणि तिच्यावर येणाऱ्या तीन कॉर्ड. या संगीताला स्किफल म्हणत.

ब्रिटिश रॉकमधल्या वर्गसंतापाची गोष्ट बहुधा 1977 च्या पंकपासून सांगितली जाते, किंवा बॉब डिलनच्या नावापासून. माझ्या मते तिचं मूळ या खोक्यात आहे, आणि तिला वाढवलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्यानं. संताप इंग्लंडच्या कामगारवस्त्यांत पूर्वीही होताच. मिळत नव्हता तो वेळ. चौदाव्या वर्षी खाणीत किंवा गिरणीत गेलेल्या पोराला गाणं रचायला फुरसत कुठली? 1944 च्या शिक्षण कायद्यानं माध्यमिक शिक्षण फुकट केलं, 1947 मध्ये शाळा सोडायचं वय पंधरावर नेलं, आणि 1960 अखेर सक्तीची लष्करी भरती थांबली. कामगारांच्या मुलांच्या हाती पहिल्यांदाच काही मोकळी वर्षं आली.

स्किफलची लाट उठवली लॉनी डोनेगननं. जन्म ग्लासगोचा, वाढला पूर्व लंडनमध्ये. अमेरिकेतल्या लेड बेलीकडून आलेलं 'रॉक आयलंड लाइन' त्यानं 1954 मध्ये ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडसोबत रेकॉर्ड केलं, आणि 1956 च्या सुरुवातीला ते पहिल्या दहा गाण्यांत पोचलं. ते ऐकून पोरांना कळलं की हे आपल्यालाही जमेल. त्याला ना मास्तर लागतो, ना नोटेशन वाचता यावं लागतं. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननचा 'क्वॉरीमेन' हा गट असाच निघाला. त्यांच्याकडंही चहाचं खोकं होतं. 6 जुलै 1957 रोजी वुल्टनच्या चर्चमधल्या जत्रेत ते वाजवत होते, आणि तिथंच लेननची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली.

त्याच सुमाराला बर्मिंगहॅममध्ये 'क्लॅरियन स्किफल ग्रुप' नावाचं एक मंडळ सुरू झालं. त्याचा म्होरक्या इयन कॅम्पबेल, मूळचा स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा. पुढं हेच मंडळ 'इयन कॅम्पबेल फोक ग्रुप' म्हणून नावाजलं आणि अणुबॉम्बच्या विरोधात, कामगारांच्या बाजूनं गात राहिलं. या कॅम्पबेलची मुलं पुढं येतीलच.

दुसरं मूळ आर्ट स्कूलमध्ये. इंग्लंडमध्ये लहानमोठ्या शहरांतूनही सरकारी खर्चानं चालणारी कला महाविद्यालयं होती. अभ्यासात यथातथा पण हातात काहीतरी असलेल्या पोराला तिथं जागा मिळे. लेनन ओ लेव्हलच्या शालान्त परीक्षेत सगळ्या विषयांत नापास झाला आणि तरीही मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजात दाखल झाला. 'द किंक्स'चा रे डेव्हिस हॉर्नसीला, 'द हू'चा पीट टाउनशेंड ईलिंगला, कीथ रिचर्ड्स सिडकपला. 1962 च्या कायद्यानं पदवीच्या विद्यार्थ्यांना फीबरोबर निर्वाहाचं अनुदान देणं स्थानिक शिक्षण खात्यांवर बंधनकारकच झालं.

या कॉलेजांचं खरं महत्त्व मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. वर्गाची भिंत इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या परीक्षेत उभी राहायची: पास झालेला ग्रामर स्कूलमध्ये, नापास झालेला सेकंडरी मॉडर्नमध्ये, पैसेवाला या दोन्हींच्या पलीकडं खासगी शाळेत. पुन्हा एका बाकावर ही मुलं भेटत ती बहुधा आर्ट स्कूलमध्येच. बोलण्याचा हेल, कपडे, शनिवारी कोण कुठं जातं, हे सगळं तिथं रोज एकमेकांना घासायचं. रे डेव्हिस मसवेल हिलच्या घरातला, आठ भावंडांतला सातवा. त्यानं 1965-66 मध्ये 'अ वेल रिस्पेक्टेड मॅन' आणि 'डेड एंड स्ट्रीट' लिहिली. पहिल्यात वरच्या वर्गाचा ढोंगी सभ्यपणा, दुसऱ्यात भाडं थकलेल्या खोलीतली कुचंबणा. दोन्हीकडं इतक्या जवळून बघायला दोन्हीकडची माणसं ठाऊक असावी लागतात.

म्हणून 'हा खरा कामगारवर्गातला का?' ही चौकशी मला निरर्थक वाटते. 1970 मध्ये 'वर्किंग क्लास हीरो' लिहिणारा लेनन मेनलव्ह ॲव्हेन्यूवरच्या टुमदार घरात मावशीकडं वाढला होता. 'द क्लॅश'चा जो स्ट्रमर तर परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. जन्म अंकाराचा, वडील जन्मले लखनौला, शिक्षण बोर्डिंग स्कूलमध्ये. पण 1976 मध्ये मिक जोन्स आणि पॉल सिमनन यांना तो दिसला तो लंडनच्या लिसन ग्रोव्हमधल्या बेकारभत्त्याच्या कचेरीत, रांगेत. दोघं टक लावून बघताहेत म्हटल्यावर त्याला वाटलं, आता मारामारी होणार. झाला तो बँड. त्या रांगेत राजदूतावासातल्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि दक्षिण लंडनच्या सरकारी चाळीतला मुलगा एकाच खिडकीसाठी उभे होते, आणि त्यांच्या गाण्यांचा जोर याच मिश्रणातून आला.

या खिडकीवर एक कार्ड मिळायचं. त्याचं सरकारी नाव यूबी 40, म्हणजे बेकारभत्त्याचा चाळीस क्रमांकाचा फॉर्म. ठरल्या दिवशी कार्ड घेऊन जायचं, सही करायची, मग भत्ता. आता कॅम्पबेलची मुलं. अली आणि रॉबिन या दोघा भावांनी 1978 मध्ये बर्मिंगहॅमच्या मित्रांबरोबर आठ जणांचा बँड काढला, त्यात जमैकन आणि येमेनी वंशाचेही होते. वाजवायचे रेगे. सगळे बेकार, म्हणून बँडचं नावही तेच ठेवलं: 'यूबी40'. 1980 च्या 'सायनिंग ऑफ' या पहिल्या अल्बमचं वेष्टन म्हणजे हुबेहूब ते पिवळट कार्ड, रकान्यांसकट. ज्याच्या खिशात खरं कार्ड होतं, त्यानं दुकानात हे मोठं कार्ड उचललं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल! पुढच्या वर्षीचं त्यांचं 'वन इन टेन' हे शीर्षक वेस्ट मिडलंड्समधल्या बेकारीच्या टक्केवारीवरून आलं. बापाचं स्किफल आणि मुलांचं रेगे, मधे पंचवीसेक वर्षं. कूळ एका घरात इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

1981 च्या जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथमध्ये दंगली पेटल्या असताना कव्हेंट्रीच्या 'द स्पेशल्स'चं 'घोस्ट टाउन' पहिल्या क्रमांकावर होतं. बंद पडलेल्या शहराचं ते गाणं. या बँडची सुरुवातही कव्हेंट्रीच्या पॉलिटेक्निकमधल्या कला शाखेतली.

आणि समोरची बाजू? ती क्वचितच गाण्यात सापडते. एकदा नेमकी सापडली. 1978 मध्ये बेकारांचा 'राइट टू वर्क' मोर्चा ईटनवरून चालला होता. ईटन कॉलेजची स्थापना 1440 ची, सहाव्या हेन्री राजाची. देशाला पंतप्रधान पुरवणारी ही शाळा. शेजारी लागून स्लाउ, कारखान्यांचं गाव. मोर्चेकऱ्यांना बघून शाळेच्या मुलांनी टर उडवली. बांधकामावर आणि टॅक्सीवर राबणाऱ्या बापाचा, वोकिंगचा मुलगा पॉल वेलर याच्या डोक्यात ते बसलं. त्याच्या 'द जॅम' या बँडचं 'ईटन रायफल्स' 1979 च्या ऑक्टोबरात आलं, थॅचरबाई निवडून आल्याला सहा महिने होत नव्हते, आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

हे गाणं मला या सगळ्या कुळातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात आपली माणसं हरतात. चढाईच्या डौलात निघालेला निवेदक शाळकरी पोरांकडून मार खाऊन परततो, साथीदार आयत्या वेळी पाठ दाखवतो. वरच्या वर्गाचं बळ पैशात तर आहेच, पण जिंकणं हा आपला हक्कच आहे असं लहानपणापासून शिकवलेल्या मनात ते जास्त आहे, हे वेलरनं एकवीस वर्षांच्या वयात ओळखलं. विजयाच्या घोषणा देणारी गाणी सोपी असतात. मोर्चा का हरतो हे सांगायला धैर्य लागतं. 2008 मध्ये विरोधी पक्षनेते असलेले, स्वतः ईटनचेच डेव्हिड कॅमेरन हे गाणं आपल्या आवडीचं असल्याचं म्हणाले, तेव्हा त्यांना यातलं नेमकं काय कळलं नाही, असा वेलरनं जाहीर संताप व्यक्त केला. त्याचा राग मी समजू शकतो.

1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात बिली ब्रॅग गिटार घेऊन संपकऱ्यांसाठी गात फिरला. बार्किंगच्या या माणसानं पुढं 2017 मध्ये स्किफलचा मोठा इतिहासही लिहिला. संप मोडला. पण कुळाचा शेवटचा मोठा अंकुर फुटला तो पुन्हा आर्ट स्कूलमध्येच. शेफील्डचा जार्विस कॉकर बरीच वर्षं भत्त्यावर काढून लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये सिनेमा शिकायला आला आणि तिथं एका श्रीमंत परदेशी मुलीशी त्याची गाठ पडली. गरिबी तिला गंमत म्हणून जगून बघायची होती. त्यातून त्याच्या 'पल्प' या बँडचं 'कॉमन पीपल' झालं. 1995 मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

तोवर मुळावरच घाव बसायला लागले होते. 1990 मध्ये विद्यार्थ्यांचं अनुदान गोठवून कर्ज सुरू झालं. 1996 मध्ये बेकारभत्त्याच्या जागी 'जॉबसीकर्स अलाउन्स' आला, काम शोधत असल्याचा पुरावा मागणारा. 1998 मध्ये विद्यापीठांत वर्षाला हजार पौंड फी लागू झाली. सरकारवर खेकसणाऱ्या पोरांना सरकारच पोसत होतं, याला मी त्या लोकशाहीची सर्वांत मोठी श्रीमंती मानतो. ती हौसेनं मोडून टाकली गेली, याचं मला दुःख आहे.

तरी आवाज पुरता बंद पडला नाही. नॉटिंगहॅमच्या 'स्लीफर्ड मॉड्स'चं एक गाणं याच 'जॉबसीकर'च्या नावाचं आहे. लॅपटॉपवरची धून आणि समोर ओरडणारा जेसन विल्यमसन, एवढाच त्यांचा पसारा. 2013 चा 'ऑस्टेरिटी डॉग्ज' गाजल्यावरही तो 2014 पर्यंत दिवसा नोकरी करत होता: स्थानिक नगरपालिकेत, लोकांना सरकारी भत्त्यांबद्दल सल्ला देण्याची.