विंचूदंशाची कसोटी : आपल्या जिल्ह्यातील एका वैद्यकीय चाचणीचा इतिहास

रुग्णालयात 'क्लिनिकल ट्रायल' हे शब्द कानावर पडले की रुग्णाच्या नातेवाइकांच्या मनात प्रथम येते ती धास्ती. आमच्या माणसावर प्रयोग करणार, आमच्या गरिबीचा फायदा घेणार, अशी ही धास्ती असते. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे, कारण तिच्यामागे खराखुरा इतिहास आहे. परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजू आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडसारख्या तालुक्याच्या गावी, एका साध्या रुग्णालयात घडली, ही गोष्ट साजगाव-खालापूरकडील फार थोड्यांना ठाऊक असेल. ती सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील अशा चाचण्यांची हकिगत प्लेगपासून सुरू करणे सोयीचे ठरते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने काही कैद्यांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांत रोग कसा पसरतो याची नोंद ठेवली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. तुलनेचे तत्त्व येथे स्वच्छ दिसते. कैदी आपण होऊन पुढे आले असे सांगितले जाते. पण गजाआडच्या माणसाच्या 'हो'ला कितपत 'हो' म्हणावे, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही. ज्या परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले, ती पुढे सर्पदंश व विंचूदंश यांवरील प्रतिविषासाठी प्रसिद्धी पावली.

तुलना तर करायची, पण कोणाला औषध द्यावे आणि कोणाला नाही, हे कोणी ठरवायचे? डॉक्टरांवर सोपविले तर ते कळत-नकळत बऱ्या होण्याजोग्या रुग्णांना नवे औषध देतील आणि मग औषध आहे त्याहून गुणकारी भासेल. १९४८ मध्ये ब्रिटनमधील क्षयरोगाच्या चाचणीने यावर उत्तर दिले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते की सर्वांना ते देणे शक्यच नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने रुग्णांची वाटणी दैवावर, म्हणजे आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकून, करण्याची पद्धत आखली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. हा अहवाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला गेला. वाचकांनी या नियतकालिकाचे नाव ध्यानात ठेवावे.

संमतीचा प्रश्न मात्र महायुद्धातील छळछावण्यांच्या अमानुष प्रयोगांनंतरच जगाने गांभीर्याने घेतला. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी रुग्णाची स्वखुशीची व समजून दिलेली संमती ही पहिली अट ठरविली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये आणि अधिक विस्ताराने २००० मध्ये आपल्या देशासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भातकापणीचे भारे बांधताना, उडवीतून पेंढा ओढताना, गोवऱ्या काढताना किंवा अंधारात दगडावर पाय ठेवताना विंचू चावणे ही कोकणपट्टीतील पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा आहे. विंचू उतरविणारे मांत्रिक गावोगाव असत, आणि त्यांना यश येई असे वाटण्याचे कारणही सरळ होते. बहुतेक दंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही. ती वेळ गेल्यावर आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला मिळते. तुलनेवाचून काढलेला निष्कर्ष कसा फसवितो याचे याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही. लाल विंचवाच्या दंशात मात्र कधी कधी रुग्णाला दरदरून घाम फुटे, वांत्या होत, तोंडाला लाळ सुटे, हातपाय बर्फासारखे गार पडत आणि काही तासांत धाप लागून, तोंडाला फेस येऊन तो दगावे. यांत लहान मुलांचा भरणा मोठा असे.

१९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या या डॉक्टरांनी हे मृत्यू नशिबाच्या खात्यावर मांडले नाहीत. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवू लागले. त्यांतून उलगडले ते असे : विषामुळे शरीरातील मज्जातंतू बेफाम होतात, अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो आणि अखेर थकलेले हृदय हार खाऊन फुफ्फुसात पाणी साचते. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात मांडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरील औषध बाजारात होतेच. स्वस्त गोळी, तोंडाने घ्यावयाची. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिचा विंचूदंशावरील अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला. १९८३ पर्यंत तीव्र विषबाधेच्या शंभर रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. प्राझोसिन वापरात आल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आले.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. प्राझोसिनसाठी त्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नाहीत. पूर्वीचे मृत्यू आणि नंतरचे मृत्यू यांची तुलनाच पुरेशी बोलकी होती. तिसाचे एक होत असताना, केवळ शास्त्राच्या शिस्तीसाठी निम्म्या मुलांना गोळी नाकारणे हा अपराध ठरला असता. चाचणी केव्हा करू नये हे कळणे, हेही चाचणीचे शास्त्रच होय.

पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा परिस्थिती निराळी होती. प्राझोसिन विषाचा परिणाम आवरते, प्रतिविष खुद्द विषालाच निष्प्रभ करते. तेव्हा दोन्ही मिळून दिल्यास अधिक लाभ व्हावा, असा तर्क होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. प्रतिविष महाग, ते शिरेतून द्यावे लागते, आणि घोड्याच्या रक्तद्रवापासून बनत असल्याने काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. ज्या गोळीने काम भागते तिच्या जोडीला हा खर्च आणि हा धोका पत्करावा काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे कोणालाच ठाऊक नव्हते. अशी खरी अनिश्चितता असेल तरच चिठ्ठ्या टाकण्याचा नैतिक अधिकार डॉक्टरला पोचतो.

बावस्कर दांपत्याने महाडमधील आपल्या रुग्णालयात ही चाचणी केली. विषाची लक्षणे सर्वांगात दिसू लागलेले, परंतु हृदय, फुफ्फुसे व मेंदू अद्याप शाबूत असलेले ७० रुग्ण तिच्यात घेण्यात आले. ३५ जणांना प्रतिविष व प्राझोसिन, ३५ जणांना केवळ प्राझोसिन. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हते; दोन्ही गटांची संख्या समतोल राहील अशा रीतीने आधीच काढलेल्या क्रमाने ते ठरत होते. आणि एकदा ज्याची गणना ज्या गटात झाली, त्याचा हिशेब अखेरपर्यंत त्याच गटात. नाहीतर नकोसे निकाल इकडचे तिकडे सरकविण्याचा मोह होतो.

वाचकांनी एक गोष्ट नीट पाहावी : या ७० पैकी एकही रुग्ण उपचारावाचून ठेवला गेला नव्हता. सिद्ध झालेले औषध सर्वांनाच मिळाले. प्रश्न होता तो फक्त त्यावरील भर घालण्याचा. 'निम्म्यांना औषध देतात आणि निम्म्यांना खोटी गोळी' ही जी सर्वसाधारण समजूत आहे, ती येथे मुळीच लागू पडत नाही. प्रभावी उपचार अस्तित्वात असलेल्या प्राणघातक आजारात तसे करणे आजच्या नीतीला मान्यही नाही.

निकालाची मोजपट्टीही आधीच ठरविली होती : उपचारानंतर १० तासांत लक्षणे पूर्णपणे ओसरली की नाही. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण या मुदतीत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. पहिल्या गटाला पूर्ण आराम पडण्यास सरासरी ८ तास लागले, तर दुसऱ्या गटाला १७.७ तास. भात कापायला आलेल्या मजुराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. उद्याची मजुरी मिळणार की बुडणार, एवढा तो आहे. हा अहवाल २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. १९४८ ची क्षयरोगाची चाचणी ज्यात छापली गेली, तेच हे नियतकालिक.

आपल्याकडील कोणा रुग्णास उद्या अशा चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले गेले तर काय पाहावे? चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे काय, हे प्रथम विचारावे. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, आणि २००९ पासून नवीन औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात करणे बंधनकारक झाले. तीत कोणालाही डोकावता येते. नैतिकता समितीची मंजुरी आहे काय, तेही विचारावे. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व सर्वसामान्य नागरिकांतील व्यक्ती असावी लागते. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागून घ्यावे. अक्षरओळख नसलेल्या रुग्णाचा अंगठा निःपक्षपाती साक्षीदारासमोरच घ्यावयाचा असतो. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. भाग घेण्यास नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीचा उपचार थांबविता येत नाही. विंचवाच्या वेदनेने विव्हळणारा रुग्ण आणि मध्यरात्री वाडीवरून त्याला उचलून आणणारे त्याचे भाऊबंद यांना हे सारे शांतपणे समजावून सांगणे कठीण असते, हे मान्य केलेच पाहिजे. संमतिपत्रावरील सहीपेक्षा ते समजावणे महत्त्वाचे. आणि अनेक ठिकाणी घाई होते ती नेमकी तेथे.

महाडच्या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अहवालाच्या लेखकांनीही त्या झाकल्या नाहीत. कोणाला काय दिले जात आहे हे डॉक्टरांपासून लपविलेले नव्हते. त्यामुळे लक्षणे पाहणाऱ्याच्या नजरेत पक्षपात शिरण्यास वाव राहतो. रुग्णालय एकच. शिवाय आराम लवकर पडला, तरी प्रकृती अधिक बिघडण्यापासून प्रतिविषाने वेगळे संरक्षण दिले असे दिसले नाही. म्हणूनच हाच प्रश्न दुसरीकडे तपासला जाणे आवश्यक होते. ते काम पुद्दुचेरीच्या 'जिपमेर' या संस्थेत ६० बालकांवर झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातही प्रतिविष व प्राझोसिन मिळून दिलेली मुले लवकर बरी झाल्याचे आढळले.

डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रतिविषाने मृत्यू टळतात काय, हा प्रश्न मात्र ७० किंवा ६० रुग्णांच्या चाचणीने सुटणारा नव्हता. शंभरात एक मृत्यू होत असताना तो अर्ध्यावर आला की नाही हे ठरवायला हजारो रुग्ण लागतील. आणि इतके रुग्ण कोणत्याही एका तालुक्याच्या रुग्णालयात जमणे कठीण, याला कारण ती स्वस्त गोळी, जिने मृत्यूच एवढे दुर्मीळ करून ठेवले आहेत.