वाळलीस आणि जाडी झाले

माहेरी आलेल्या लेकीला आई दारातच म्हणते, ‘किती वाळलीस गं!’ ही वजनाची चौकशी नव्हे. सासरी पोटभर मिळतं ना, हे तिला विचारायचं असतं.

प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर हीच रीत. अ‍ॅन बेकर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९५च्या पुस्तकात ती नोंदवली. तिथे भेटताच एकमेकांच्या अंगावरून बोलतात. एखादी वाळली तर तिच्यापेक्षा तिला जेवू घालणाऱ्यांनाच कमीपणा. भूक मंदावणं हा चक्क आजार, त्यावर झाडपाल्याचा काढा ठरलेला.

त्याच सुमारास अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये मिमी निक्टर शाळकरी मुलींचं बोलणं ऐकत होत्या. ‘मी किती जाडी झालेय!’ एक म्हणे. ‘छे गं, कुठे?’ दुसरी लगेच उत्तरे. निक्टर आणि नॅन्सी वुकोविच यांनी १९९४ साली या बोलण्याला नाव दिलं, ‘फॅट टॉक’. गंमत अशी, की असं बोलणाऱ्या पुष्कळजणी डाएट फारसं करतच नसत. मैत्रिणीकडून दोन गोड शब्द हवे असत. मात्र जी स्वतःला नावं ठेवणार नाही ती गर्विष्ठ ठरे. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार खुपतं: मैत्रीचं वर्गणीपत्र म्हणून स्वतःची निंदा! त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मुली मात्र एकमेकींना ‘आज छान दिसतेस’ म्हणत. आहे त्या अंगाला शोभून राहायचं, हा त्यांचा हिशेब.

मग १९९५ साली फिजीच्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. अमेरिका, न्यूझीलंडच्या मालिका आल्या. बेकरबाईंनी त्याच वर्षी ६३ आणि १९९८ साली दुसऱ्या ६५ शाळकरी मुलींची पाहणी केली. पहिल्या खेपेस वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के निघाल्या. आपण जाड आहोत असं अधूनमधून तरी वाटणाऱ्या ७४ टक्के. पाहणी लहान, एकट्या टीव्हीला फासावर चढवणं बरोबर नाही. पण मुली काय बोलत होत्या, तेही बाईंनी टिपलंय. पडद्यावरच्या बायकांसारखं बारीक झालं तर नोकरी मिळेल, असं त्यांना वाटत होतं.