तीन मीटरचा इशारा: तोहोकू, 11 मार्च 2011

दुपारी 2:46:18 (जपानची वेळ). तोहोकूच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळाखालचा खडक फाटू लागतो. ही फाट चारशे किलोमीटरच्याही पुढे जाणार आहे. अजून कोणालाच त्याचा पत्ता नाही.

2:46:40. इशिनोमाकीतल्या भूकंपमापकापर्यंत पहिली लहर पोचते.

2:46:48. 8.6 सेकंदांत जपान हवामान संस्थेचे संगणक लोकांना सावध करतात. तीव्रतेचा अंदाज 7.2. इतक्या झटपट झालेल्या कामाला दादच द्यायला हवी.

2:49. त्सुनामीचा इशारा: मियागीला 6 मीटर, इवाते आणि फुकुशिमाला 3. आधार 7.9 तीव्रतेचा, आणि इथेच घात झाला. महाभूकंपाची खरी ताकद संथ, लांब लहरींत असते. त्या टिपणारी देशातली यंत्रं एवढ्या हादऱ्यात निकामी ठरली. लाटांची उंचीही आधी करून ठेवलेल्या हिशोबांच्या साठ्यातून काढायची. घडत असलेल्या भूकंपाचं गणित नव्याने मांडायला सवडच नसे. दारासमोर तीन मीटरहून उंच भिंत असताना ‘3 मीटर’ ऐकलेला माणूस घर का सोडेल? कित्येकांनी सोडलं नाही.

3:14. कामाइशीसमोरचा जीपीएस तरंडा उचलला गेलेला दिसताच आकडे बदलतात: मियागी 10 मीटरहून जास्त, इवाते-फुकुशिमा 6. पण वीज गेलेली. अनेकांच्या कानी हा आकडा पडलाच नाही.

3:18. ओफुनातोला मोठी लाट. 3:26. मियाको.

3:40. परदेशातल्या केंद्रांच्या नोंदींवरून तीव्रता निघते 8.8. याच सुमारास फुकुशिमा दाइइची अणुकेंद्रात पाणी शिरलेलं असतं.

चारच्या आसपास. सेंदाईच्या सपाटीवरची शेतं, रस्ते, घरं पाण्याखाली. पुढे मृत आणि बेपत्ता मिळून 18 हजारांवर गेले.

त्या दिवशी कोबेत ‘के’ महासंगणकाची उभारणी चालू होती. पुढे संशोधकांनी त्याच्यावर हीच त्सुनामी पुन्हा चालवली. सेंदाईचा नकाशा सुमारे पाच मीटरच्या चौकटींत कापून हजारो प्रोसेसरांना वाटला. प्रत्येकाने आपल्या तुकड्याचं पाणी मोजायचं आणि दर पायरीला कडेच्या चौकटींचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे. दोन तासांची त्सुनामी दोन मिनिटांच्या आत मोजून झाली. सेंदाईच्या सपाटीला मात्र त्या दुपारी तासाभराची सवड होती.

अर्थात फाट कुठे, किती, हे आधी कळायला हवं. त्यासाठी जपान खंदकाच्या बाजूने ‘एस-नेट’ची 150 केंद्रं आता केबलने जोडून समुद्रतळावर बसवली आहेत.