भयगंड : वर्तनवादी उपपत्ती व उपचार

भयगंड : एखादी वस्तू, प्राणी, स्थळ वा प्रसंग यांविषयी वाटणारी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असलेली तीव्र व टिकाऊ भीती. आपली भीती अकारण आहे, हे बहुधा त्या व्यक्तीसही उमगत असते. तथापि त्या जाणिवेने भीती ओसरत नाही. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्याने १९०९ मध्ये ‘हान्स’ या पाच वर्षांच्या मुलाला वाटणाऱ्या घोड्यांच्या भीतीचे विवरण प्रसिद्ध केले व तिच्या मुळाशी पित्याविषयीचा अबोध संघर्ष असल्याचे प्रतिपादिले. वर्तनवाद्यांच्या मते मात्र भीती ही शिकलेली प्रतिक्रिया होय. सबब ती नव्या शिक्षणाने पालटताही येते.

या मताला आधार होता तो इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) ह्याच्या अभिसंधानविषयक प्रयोगांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन बी. वॉटसन (१८७८–१९५८) आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये बाल्टिमोर येथील एका अर्भकावरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाणारे हे सुमारे अकरा महिन्यांचे मूल पांढऱ्या उंदराशी निर्भयपणे खेळत असे. तो उंदीर पुढे आला, की मुलाच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडीचा घाव घालण्यात येई. अशा सात जोडण्यांनंतर आवाजावाचूनही उंदीर दिसताच मूल रडू लागले. पुढे ही भीती ससा, कुत्रा व केसाळ कोट यांनाही व्यापून राहिली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, या लोकोक्तीत जे आहे, त्यालाच शास्त्रीय परिभाषेत उद्दीपकाचे सामान्यीकरण म्हणतात. ही भीती नाहीशी करण्याचे उपाय लेखकांनी नमूद केले; पण मूल रुग्णालयातून नेले जाईल हे आधी ठाऊक असूनही ते योजले नाहीत. एका अर्भकावर आधारलेला हा प्रयोग शास्त्रीय दृष्ट्या तोकडा व नैतिक दृष्ट्या आक्षेपार्ह होता. पाठ्यपुस्तकांतून मात्र तो निर्णायक म्हणून मिरविला गेला.

उपचाराच्या दृष्टीने मेरी कव्हर जोन्स हिचे १९२४ मधील कार्य अधिक मोलाचे ठरते. ‘पीटर’ हे सुमारे तीन वर्षांचे मूल सशास भीत असे. ते आवडीचे खाद्य खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवावयाचा व त्याची अस्वस्थता न वाढेल अशा बेताने तो दिवसेंदिवस जवळ आणावयाचा, असा क्रम तिने योजिला. सशाला न भिणारी मुलेही तिने सोबतीस खेळावयास आणली. मध्यंतरी आजारपणाने व एका मोठ्या कुत्र्याच्या दहशतीने भीती पुन्हा बळावली. अखेरीस पीटर सशाला आपली बोटे चाटू-कुरतडू देऊ लागला. या कार्याकडे पुढील तीन दशके फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

भीतीचा पुन:प्रत्यय येत नसूनही ती वर्षानुवर्षे का टिकते, या प्रश्नाचे उत्तर ओ. एच. मौरर (१९०७–८२) ह्याने १९४७ मध्ये द्विघटक उपपत्तीत दिले. भीती साहचर्याने जडते, परंतु टिकते ती टाळाटाळीने. कुत्र्याला भिणारा मनुष्य वाट बदलतो, त्याला तत्काळ हायसे वाटते आणि हा दिलासाच वाट बदलण्याची सवय दृढ करतो. कुत्रा चावत नाही, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

जोसेफ वोल्पे (१९१५–९७) ह्याने जोहॅनिसबर्ग येथे मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचे धक्के बसलेली मांजरे तेथे भुकेली असूनही खात नसत. त्या जागेशी उत्तरोत्तर अधिक साम्य असलेल्या खोल्यांतून त्यांना खाऊ घालीत अखेर ती पिंजऱ्यातच खाऊ लागली. मनुष्याच्या बाबतीत अन्नाऐवजी स्नायूंचे शिथिलीकरण योजून त्याने १९५८ मध्ये क्रमबद्ध असंवेदनीकरणाची पद्धत मांडली : रुग्णाने भीतिप्रद प्रसंगांची चढती श्रेणी करावयाची व शिथिल अवस्थेत एकेक पायरी कल्पनेत अनुभवावयाची. शिथिलीकरण व भीती परस्परविरोधी असल्याने एकाने दुसरीचे निरोधन होते, अशी त्याची उपपत्ती होती. पुढील संशोधनात मात्र शिथिलीकरण वगळले तरी गुण येतो, असे आढळले. भीतिविषयास पुरेसा वेळ व न पळता सामोरे जाणे, एवढेच अनिवार्य ठरले. रक्त पाहून रक्तदाब उतरल्याने मूर्च्छा येणाऱ्यांना तर स्नायू ताणावयास शिकवावे लागते.

मूळ उपपत्तीसही धक्के बसले. लाकडी बदक, ठोकळे, पडदे यांविषयी मुलांत भीती निर्माण करण्याचे १९२९ व १९३४ मधील प्रयत्न फसले. कुत्रा चावलेले अनेक जण निर्धास्त असतात, तर अनेक भयग्रस्तांना तसा प्रसंगच आठवत नाही. १९७१ मध्ये मार्टिन सेलिगमन ह्याने उत्क्रांतीमुळे साप, उंची यांसारख्या विषयांची भीती मनुष्य सहज शिकतो, असे सुचविले. पुढे प्रयोगशाळेत वाढलेली माकडे इतर माकडांचे भय केवळ पाहून सापास भिऊ लागली. फुलांस मात्र भ्याली नाहीत. इतरांचे पाहून व ऐकूनही भीती जडते, हे स्टॅन्ली रॅकमन ह्याने १९७७ मध्ये मांडले होते.

उपचाराने भीती पुसली जात नाही, असे आज मानले जाते. विलोपन झालेली प्रतिक्रिया कालांतराने आपोआप परतते, हे पाव्हलॉव्हनेच पाहिले होते. भीतिविषय निरुपद्रवी असल्याचे नवे शिक्षण जुन्या शिक्षणाशेजारी उभे राहते आणि ते बऱ्याच अंशी ज्या परिस्थितीत घडले तिच्याशी बांधलेले असते. त्यामुळे उपचारकेंद्रातील एका कुत्र्याशी सलगी होऊनही गल्लीतील कुत्रा पुन्हा भिववू शकतो. यास्तव उपचारक निरनिराळे कुत्रे, निरनिराळी स्थळे व वेळा योजतात आणि काही सराव रुग्णाकडून एकट्याने करवून घेतात.