रेवदंड्याचा शनिवार आणि पुलापलीकडची भाषा

तीन आठवडे रिलीजच्या मागे धावल्यावर डोकं इतकं आंबलं होतं की शनिवारी सकाळी कुठेतरी जायचं एवढंच ठरलं होतं. गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून अलिबाग आणि पुढे एसटीने रेवदंडा. बरोबर कोणी नव्हतं, त्यामुळे 'पाहायच्या ठिकाणांची' यादीही नव्हती.

रेवदंड्यात शिरताना गंमत होते. रस्ता सरळ किल्ल्याची तटबंदी फोडून आत जातो आणि आत किल्ला असा दिसतच नाही. दिसतात त्या नारळ-सुपारीच्या वाड्या, कौलारू घरं, वाळत घातलेले कपडे. मधेच एखादी काळी भिंत, अर्धवट कमान. सातखणी म्हणतात तो मनोरा म्हणजे खरं तर एका चर्चचा उरलेला भाग. त्याचे सातातले चारच मजले शिल्लक आहेत. त्याच्या सावलीत तासभर नुसता बसलो.

इथे एका शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचं स्मारक आहे! अफनासी निकितिन. वास्को द गामाच्या आधी जवळपास तीस वर्षं हा व्यापारी एक घोडा घेऊन शेजारच्या चौलला उतरला. घोडा विकून पैसे करायचे, एवढा साधा बिझनेस प्लॅन. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडाच जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी, अशी ऑफर दिली. एका खोरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून बिचारा वाचला. त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' नावाचा सिनेमाही निघाला, नर्गिस होती त्यात.

असो. पोर्तुगीजांकडे येऊ.

१५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना चोपलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा तिथेच मेला. तरी हे लोक हटले नाहीत. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून किल्ला बांधायची परवानगी मिळवली. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घातला, तोही त्यांनी निभावला. १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्लाही घेतला. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि वर्षभरात, १७४० च्या तहाने, चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. आपण जिंकलो, ते गेले.

पण सगळे कुठे गेले? अधिकारी, सैनिक, पैसेवाले गेले. धर्मांतर केलेले इथलेच गरीब लोक राहिले, आणि कोर्लईच्या पायथ्याशी त्यांची वस्ती झाली. दुपारी कुंडलिकेच्या पुलावरून तिकडे गेलो. किल्ला चढलो, छप्पर उडालेलं चर्च पाहिलं, तिन्ही बाजूंचा समुद्र पाहिला. पण मी गेलो होतो गाव ऐकायला.

कोर्लईत आजही हजाराच्या आसपास माणसं एक वेगळीच भाषा बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी लिस्बनची, कंपाइलर रायगडचा. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. राज्य जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी ती टिकली कशी? धर्म वेगळा आणि त्यात जात. लग्नं गावातल्या गावात. आजूबाजूच्या गावांनी लांब ठेवलं म्हणून भाषा राहिली, हे लिहितानाही जरा अवघड वाटतं.

आपल्याकडेही पोर्तुगीज आहेच म्हणा. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, लिलाव, हापूस. पण आपण फक्त शब्द घेतले. यांनी संसार थाटला.

चर्चजवळ एक म्हातारी मावशी सुकट निवडत बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, तुमची भाषा ऐकायला आलोय." त्या हसल्या. "ऐकायला काय, गाणं आहे होय?" मग शेजारणीशी चार वाक्यं बोलल्या. ओळखीची चाल, आणि शब्द एकही कळेना. अस्खलित मराठी बोलणारं माणूस एका सेकंदात परकं होतं, विचित्र वाटलं.

शाळा मराठी, बाजार मराठी, एसटीचा कंडक्टर मराठी. मुंबईत इंग्रजीपुढे मराठीचं कसं होणार म्हणून आपण तावातावाने भांडतो, मीसुद्धा. इथे ती इंग्रजीची जागा आपल्या मराठीने घेतलीय, हे मला त्या ओट्यावर बसेपर्यंत सुचलंही नव्हतं.

"नातवंडं बोलतात ना?" मी विचारलं.

"एक मुंबईला असतो. त्याला कळतं सगळं. मी फोनवर आमच्यात बोलते, तो मराठीत बोलतो," मावशी म्हणाल्या, आणि मला परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगू लागल्या.